पंजाब ते नांदेड : विमानाने अडीच तास, गुरू गोविंदसिंगांना लागले होते बावीस महिने

नांदेड शहरातून बाहेर पडून विष्णुपुरीकडे गेलं की गोदावरीवरचं धरण लागतं, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ लागतं आणि १९८१ साली सुरू झालेलं इंजिनिअरिंग कॉलेजही लागतं. या कॉलेजचं पूर्ण नाव श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था. पोरं त्याला एसजीजीएस म्हणतात. शहराच्या विमानतळालाही हेच नाव आहे आणि रेल्वे स्टेशनच्या पाटीवर हजूर साहिब नांदेड असं लिहिलेलं आहे.

मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला यात वेगळं काही वाटत नाही. बाहेरून शिकायला आलेल्या पोराला मात्र हमखास प्रश्न पडतो. शिखांचे दहावे गुरू जन्मले पाटण्यात, त्यांचं बहुतेक आयुष्य गेलं पंजाबात. मग त्यांचं शेवटचं ठिकाण गोदावरीच्या काठावर, नांदेडात कसं काय?

या प्रश्नाचं उत्तर एका प्रवासात आहे. तो प्रवास कशासाठी होता आणि त्याला इतका वेळ का लागला, हे कळलं की गुरू गोविंदसिंगांचं अख्खं आयुष्य समजायला सोपं जातं.

आधी अंतर बघा

अमृतसर ते नांदेड हे सरळ रेषेतलं अंतर साधारण १४०० किलोमीटर आहे. युरोपच्या नकाशावर बघायचं तर लंडन ते रोम जेवढं, जवळपास तेवढंच. लंडन-रोम विमानाला अडीच तासांच्या आसपास लागतात. डिसेंबर २०१७ मध्ये एअर इंडियाने अमृतसर-नांदेड थेट विमान सुरू केलं, तेव्हा तोच हिशोब इथेही लागू झाला. विमानांची वेळापत्रकं आणि कंपन्या बदलत राहतात, पण आकाशातलं गणित बदलत नाही. ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेग, त्यात चढण्या-उतरण्याचा वेळ मिळवायचा, झाले दोन ते अडीच तास.

रेल्वेने जायचं तर सचखंड एक्स्प्रेस आहे. नांदेडहून निघालेली ही गाडी परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड, भुसावळ, बुऱ्हाणपूर, भोपाळ, आग्रा, दिल्ली करत अमृतसरला पोचते. रूळ सरळ रेषेत जात नाहीत, त्यामुळे अंतर दोन हजार किलोमीटरच्या घरात जातं आणि वेळ लागतो साधारण दीड दिवस. वाटेतल्या अनेक स्टेशनांवर प्रवाशांना लंगरचं जेवण मोफत मिळतं, म्हणून ही गाडी देशभर ओळखली जाते.

गुरू गोविंदसिंग पंजाबातल्या तलवंडी साबो इथून निघाले ते ३० ऑक्टोबर १७०६ रोजी. तलवंडी ते नांदेड सरळ रेषेत साधारण १२२५ किलोमीटर. नांदेडला ते पोचले १७०८ च्या ऑगस्टअखेरीस. म्हणजे जवळपास बावीस महिने.

घोड्यावरचा माणूस कितीही सावकाश गेला तरी या अंतराला बावीस महिने लागत नाहीत. मग झालं काय होतं?

पाटणा ते आनंदपूर : पहिला लांबचा प्रवास

गुरू गोविंदसिंगांचा जन्म २२ डिसेंबर १६६६ चा. वडील गुरू तेगबहादूर हे शिखांचे नववे गुरू, आई माता गुजरी. मुलाच्या जन्माच्या वेळी वडील पूर्वेकडच्या दौऱ्यावर होते. मुलाचं नाव ठेवलं गोबिंद राय. पहिली काही वर्षं पाटण्यातच गेली. १६७२ च्या आसपास हे कुटुंब शिवालिकच्या पायथ्याशी आनंदपूरला आलं. पाच-सहा वर्षांच्या पोराने हजारएक किलोमीटरचा प्रवास केला होता.

आनंदपूरला तीन-साडेतीन वर्षं होतात न होतात तोच नोव्हेंबर १६७५ मध्ये दिल्लीच्या चांदणी चौकात औरंगजेबाच्या हुकमाने गुरू तेगबहादूरांचा शिरच्छेद झाला. शीख परंपरा सांगते की काश्मिरी पंडितांवर होणाऱ्या सक्तीविरुद्ध ते उभे राहिले होते. दिल्ली ते आनंदपूर अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. भाई जैता नावाच्या शिष्याने पहारे चुकवत गुरूंचं शिर तिथवर आणलं आणि नऊ वर्षांच्या मुलाने वडिलांवर अंत्यसंस्कार केले. त्याच वयात तो शिखांचा दहावा गुरू झाला.

पुढची वर्षं शिक्षणाची होती. पंजाबी, ब्रज, संस्कृत, फारसी या भाषा, सोबत घोडेस्वारी, तिरंदाजी आणि तलवार. काही वर्षं ते यमुनेकाठी पाँवटा इथे राहिले. कवी आणि पंडित त्यांच्या दरबारात असत. १६८८ मध्ये डोंगरी राजांशी भंगाणीची लढाई झाली, तेव्हा पीर बुद्धू शाह हे मुस्लीम संत आपल्या मुलांसह त्यांच्या बाजूने लढले. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा झगडा सत्तेच्या जुलमाशी होता आणि दोन्ही बाजूंना दोन्ही धर्मांची माणसं होती.

१६९९ : आनंदपुरात बिदरचा माणूस

१६९९ च्या बैसाखीला गुरूंनी आनंदपुरात मोठा मेळावा भरवला. हातात नंगी तलवार घेऊन त्यांनी शीर अर्पण करायला कोण तयार आहे असं विचारलं. एकेक करून पाच जण उठले. हेच ते पंज प्यारे. त्यांना अमृत देऊन खालसा पंथाची स्थापना झाली आणि नंतर गुरूंनी स्वतः त्याच पाच जणांकडून अमृत घेतलं. तिथून ते गोबिंद रायचे गोबिंद सिंग झाले, मराठीत गोविंदसिंग.

हे पाच जण कुठले होते ते बघितलं की नकाशा डोळ्यांपुढे येतो. दया राम लाहोरचे, धरम दास हस्तिनापूरचे, हिम्मत राय जगन्नाथपुरीचे, मोहकम चंद द्वारकेचे आणि साहिब चंद बिदरचे. जातीही वेगवेगळ्या. खत्री, जाट, पाणी भरणारा, कपड्यावर छपाई करणारा आणि न्हावी. यातले न्हावी म्हणजे बिदरचे साहिब चंद.

बिदर ते नांदेड सरळ रेषेत जेमतेम १४० किलोमीटर. उदगीर, देगलूरच्या माणसाला तर बिदर म्हणजे शेजारचं गाव. म्हणजे गुरू गोविंदसिंग गोदावरीकाठी यायच्या नऊ वर्षं आधीच आपल्या भागातला एक माणूस आनंदपुरात शीर द्यायला उभा राहिला होता.

आणि त्याही आधी, कितीतरी आधी, याच मातीतून नामदेव महाराज पंजाबात गेले होते. हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे त्यांचं जन्मस्थान मानलं जातं. पंजाबातल्या घुमानला त्यांचं मोठं स्थान आहे आणि गुरू ग्रंथसाहिबमध्ये त्यांची ६१ पदं आहेत. मराठवाडा आणि पंजाब यांच्यातली वाट आधीच मळलेली होती. गुरू गोविंदसिंग तिच्यावरून उलट दिशेने आले.

चार मुलं गेली तो हिवाळा

खालशाची ताकद वाढली तशी डोंगरी राजांची आणि सरहिंदचा फौजदार वजीर खान याची अस्वस्थता वाढली. आनंदपूरला वेढा पडला. महिनोन्महिने चालला. आत धान्य संपत आलं. शेवटी किल्ला सोडलात तर सुखरूप जाऊ देऊ असं शपथेवर वचन मिळालं. गुरूंनी आनंदपूर सोडलं आणि ती शपथ मोडली गेली. हे वर्ष १७०४ चं, काही अभ्यासक १७०५ धरतात. महिना डिसेंबर.

सरसा नदीला पूर आलेला. मागून हल्ला झाला. त्या गोंधळात कुटुंबाची ताटातूट झाली. गुरू आणि दोन मोठे मुलगे चमकौरच्या एका कच्च्या गढीत पोचले. सोबत चाळीसच्या आसपास माणसं. तिथल्या लढाईत अजितसिंग आणि जुझारसिंग हे दोघे मुलगे पडले. पंज प्याऱ्यांपैकी तिघेही तिथेच पडले, त्यात बिदरचे भाई साहिबसिंग होते.

धाकटे दोघे, जोरावरसिंग आणि फतेहसिंग, आजीसोबत होते. ते पकडले गेले. सरहिंदला वजीर खानाने त्यांना ठार मारलं. दोघांचीही वयं दहाच्या आत. आजी माता गुजरी यांनीही तिथेच प्राण सोडला.

गुरू गोविंदसिंग तेव्हा माछीवाड्याच्या जंगलात एकटे पडले होते. तिथून त्यांना सुखरूप बाहेर काढलं ते गनी खान आणि नबी खान या दोन पठाण भावांनी.

दाद मागायची तर बादशहा कुठे?

आता या सगळ्याची दाद मागायची कुणाकडे? देशाचा बादशहा एकच, औरंगजेब. शपथ मोडली ती त्याच्या अंमलदारांनी. म्हणून गुरूंनी १७०५ मध्ये त्याला फारसी काव्यात एक पत्र लिहिलं. त्याचं नाव जफरनामा, म्हणजे विजयाचं पत्र. सगळं गमावलेल्या माणसाने लिहिलेल्या पत्राचं हे नाव. त्यात दयेची याचना नव्हती. वचन मोडणारा राजा देवापुढे काय उत्तर देणार, असा सवाल होता.

पत्र लिहिलं पंजाबातल्या दीना गावी. पण ते पोचवायचं कुठे? दिल्लीला नाही, आग्र्याला नाही. बादशहा होता महाराष्ट्रात.

याचं कारण मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. मराठ्यांना संपवायला १६८१-८२ मध्ये औरंगजेब दख्खनेत उतरला तो परत गेलाच नाही. संभाजी महाराज, राजाराम महाराज, मग ताराराणी, एकामागून एक मराठ्यांनी त्याला पंचवीस वर्षं इथे अडकवून ठेवलं. १७०६ च्या सुरुवातीला थकलेला बादशहा अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मुक्कामी आला. पंजाबातल्या माणसाला न्याय मागायचा तर आता बाराशे किलोमीटर चालून गोदावरी ओलांडून यावं लागणार होतं.

पत्र घेऊन निघाले भाई दयासिंग आणि भाई धरमसिंग, पंज प्याऱ्यांपैकी उरलेले दोघे. ते आधी औरंगाबादला आले, मग नगरला. बादशहाची भेट मिळणं सोपं नव्हतं. वेळ गेला. पण पत्र पोचलं आणि बादशहाने गुरूंना भेटीसाठी बोलावणं धाडायची, त्यांना वाटेत त्रास होऊ नये अशी सोय करायची तयारी दाखवली.

मधल्या काळात गुरू तलवंडी साबोला राहिले. आज त्याला दमदमा साहिब म्हणतात. तिथे त्यांनी ग्रंथसाहिबची प्रत सिद्ध केली, वडिलांची पदं त्यात आली. मग ३० ऑक्टोबर १७०६ ला त्यांनी दक्षिणेची वाट धरली. औरंगजेबाला समोरासमोर भेटायला.

बावीस महिने कुठे गेले?

गुरू राजस्थानातून खाली येत होते. बघौर नावाच्या गावी असताना बातमी आली. ३ मार्च १७०७ रोजी नगरजवळ भिंगारला औरंगजेब मेला. वय ८८.

ज्याला जाब विचारायला निघाले तो माणूसच उरला नाही. पहिल्या टप्प्यातच प्रवासाचं कारण संपलं.

त्या काळात अंतराचा अर्थ हा होता. नुसते पाय दुखत नसत, अंतर निकाल फिरवत असे. तक्रार लिहिली तेव्हाचा राजा तक्रार सुनावणीला येईपर्यंत जिवंत असेल याची खात्री नसे.

इथून गुरूंचा रस्ता उलटा फिरला. औरंगजेबाच्या मुलांमध्ये तख्तासाठी लढाई पेटली. थोरला मुअज्जम याने गुरूंकडे मदत मागितली. आग्र्याजवळ जाजऊला जून १७०७ मध्ये लढाई झाली, शिखांची तुकडी मुअज्जमच्या बाजूने होती. धाकटा आजम मारला गेला आणि मुअज्जम बहादूरशहा या नावाने बादशहा झाला. त्याच उन्हाळ्यात आग्र्याला गुरूंची आणि नव्या बादशहाची भेट झाली. बादशहाने मानाची खिलत दिली, याची नोंद मोगल दरबाराच्या कागदांत आहे.

ज्या घराण्याच्या हुकमाने वडिलांचा जीव गेला, ज्याच्या फौजदाराने मुलं मारली, त्याच घराण्याच्या नव्या बादशहाशी बोलणी करायची. सोपं नव्हतं ते. पण गुरूंना सूड नको होता, वजीर खानावर रीतसर कारवाई हवी होती. ऑक्टोबर १७०७ मध्ये त्यांनी पंजाबातल्या शिखांना हुकूमनामा पाठवला. बोलणी चांगली चालली आहेत, लवकरच परत येतो, आलो की हत्यारं घेऊन भेटायला या, असा त्याचा आशय.

ते परत गेले नाहीत.

बादशहा निर्णय पुढे ढकलत राहिला. त्याच्याही अडचणी होत्या. वजीर खान सरहिंदचा बळकट अंमलदार, त्याला दुखवून पंजाब अस्थिर करायचा नव्हता. त्यातच राजपुतान्यात अंबर आणि जोधपूरचा प्रश्न उभा राहिला. बादशहाची छावणी तिकडे वळली, गुरूंची माणसंही सोबत. तोवर दख्खनेत सगळ्यात धाकटा भाऊ कामबक्ष याने स्वतःला बादशहा जाहीर केलं. छावणी पुन्हा दक्षिणेला निघाली.

बादशहाची छावणी म्हणजे चालतं शहर. हत्ती, तोफा, बैलगाड्या, बाजार, जनाना, कारखाने. ती रोज थोडीच हलायची, पावसाळ्यात तर रुतायची. अभ्यासकांच्या मांडणीनुसार ही छावणी जून १७०८ च्या मध्यावर बुऱ्हाणपूरजवळ तापी उतरली आणि ऑगस्टअखेरीस नांदेडला पोचली. बुऱ्हाणपूर ते नांदेड सरळ रेषेत साधारण २६५ किलोमीटर आहे. म्हणजे दिवसाला सरासरी चार किलोमीटरसुद्धा नाही. ज्या बुऱ्हाणपूरवरून आज सचखंड एक्स्प्रेस धडधडत जाते, तिथून पुढच्या वाटेला तेव्हा अडीच महिने लागले.

तर बावीस महिन्यांचा हिशोब असा आहे. रस्त्यात कमी आणि वाट बघण्यात जास्त.

गोदाकाठचे शेवटचे दिवस

नांदेडला आल्यावर गुरूंच्या लक्षात आलं असावं की या बादशहाकडून न्याय मिळणार नाही. छावणी हैदराबादकडे सरकली. गुरू पुढे गेले नाहीत. गोदावरीकाठी थांबले.

नदीच्या काठावर एका बैराग्याची मठी होती. त्याचं नाव माधो दास. मूळचा तो जम्मूकडच्या राजौरीचा, जन्मनाव लछमन देव. शिकारीत मारलेल्या गाभण हरिणीमुळे तो संसारातून उठला आणि नाशिकच्या पंचवटीमार्गे नांदेडला येऊन स्थिरावला, असं सांगतात. १७०८ च्या सप्टेंबरात त्याची आणि गुरूंची भेट झाली. बैरागी शिष्य झाला. इतिहास त्याला बंदासिंग बहादूर म्हणून ओळखतो. नांदेडच्या बंदा घाटाचं नाव त्याच्यावरून आहे.

गुरूंनी त्याला आपल्या भात्यातले पाच बाण दिले, निशाण आणि नगारा दिला, पाच विश्वासू शीख सोबत दिले आणि पंजाबातल्या शिखांच्या नावे हुकूमनामे दिले. बादशहाकडे मागितलेली दाद आता स्वतःच मिळवायची, असा त्याचा अर्थ होता.

याच दिवसांत गुरूंच्या डेऱ्यात दोन पठाण शिरले. त्यांना सरहिंदच्या वजीर खानाने पाठवलं होतं असं शीख परंपरा सांगते. बादशहाशी गुरूंचं सूत जमलं तर आपलं काही खरं नाही ही त्याला धास्ती. एकाने गुरूंवर कट्यारीचे वार केले. गुरूंनी त्याला तिथेच मारलं, पण जखम खोल होती. बादशहाने युरोपियन वैद्य पाठवला, त्याने जखम शिवली, असं सांगितलं जातं. जखम भरत आली होती. काही दिवसांनी गुरूंनी एक जोरकस धनुष्य ओढलं आणि टाके उसवले.

शेवट जवळ आला हे त्यांना कळलं होतं. पुढचा गुरू कोण, हा प्रश्न होताच. चारही मुलं गेलेली. पण मुलं असती तरी त्यांनी बहुधा हेच केलं असतं, कारण १६९९ मध्येच त्यांनी स्वतःला खालशापुढे वाकवलं होतं. त्यांनी जाहीर केलं की यापुढे देहधारी गुरू नाही. गुरू ग्रंथसाहिब हाच गुरू. नऊ पिढ्या चाललेली परंपरा दहाव्या गुरूने नांदेडात एका ग्रंथाच्या हाती दिली. त्या ग्रंथात नरसीच्या नामदेवांची पदं होती.

७ ऑक्टोबर १७०८ ला गुरू गोविंदसिंगांचं देहावसान झालं. वयाची बेचाळीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. नांदेडला येऊन त्यांना जेमतेम दीड महिना झाला होता.

परतीचा प्रवास

गुरू परत गेले नाहीत, पण त्यांचे बाण गेले.

बंदासिंग नांदेडहून निघाला तेव्हा सोबत मोजकी माणसं होती. नांदेड ते सरहिंद सरळ रेषेत १२८० किलोमीटरच्या आसपास. तो पंजाबच्या जवळ पोचला तसे हुकूमनामे वाचून शेतकरी, कारागीर, गांजलेली माणसं त्याला मिळत गेली. नोव्हेंबर १७०९ मध्ये समाना पडलं. मे १७१० मध्ये छप्पर चिरीच्या मैदानावर वजीर खान मारला गेला आणि सरहिंद बंदासिंगाच्या हाती आलं. नांदेड सोडल्यापासून दीड वर्षाहून थोडा जास्त काळ.

येताना बावीस महिने लागले आणि हाती काही आलं नाही. जाताना जवळपास तेवढाच वेळ लागला आणि निकाल लागला. बंदासिंगाने सरहिंदच्या मुलखात जमीन कसणाऱ्यांना जमिनीचे हक्क दिले आणि शीख गुरूंच्या नावाने नाणी पाडली. पुढे तो मोगलांच्या हाती सापडला आणि १७१६ मध्ये दिल्लीत हालहाल करून मारला गेला. पण पंजाबात मोगल सत्तेला हादरा बसायचा तो बसला होता, आणि त्याची सुरुवात गोदावरीकाठी झाली होती.

नांदेड आणि पंजाब आज किती लांब?

जिथे गुरूंवर अंत्यसंस्कार झाले तिथे आज तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब उभं आहे, शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. आजची मुख्य इमारत १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंगांनी बांधून घेतली. तेव्हा नांदेड निजामाच्या राज्यात होतं. लाहोरच्या राजाने निजामाच्या मुलखात गुरुद्वारा बांधून घ्यायचा, तोही रेल्वे नसताना. म्हणजे माणसं आणि पैसा या वाटेवर येत-जात राहिले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निजामाच्या राज्यातली मनमाड-हैदराबाद मीटरगेज रेल्वे नांदेडवरून जायला लागली आणि महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला. पुढे रूळ रुंद झाले, थेट अमृतसरची गाडी आली. २००८ मध्ये गुरू ग्रंथसाहिबला गुरुगादी मिळाल्याला तीनशे वर्षं झाली. त्या निमित्ताने नांदेडचे रस्ते, घाट, विमानतळ नव्याने उभे राहिले आणि जगभरातून भाविक आले. एका माणसाच्या दीड महिन्याच्या मुक्कामाने तीनशे वर्षांनंतर मराठवाड्यातल्या एका शहराला धावपट्टी दिली, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

इथे पिढ्यान्पिढ्या राहणारे शीख घरात पंजाबी-दखनी आणि बाजारात अस्सल नांदेडी मराठी बोलतात. होळीला निघणारी हल्लाबोल मिरवणूक बघायला सगळं गाव रस्त्यावर येतं. भाई दयासिंग आणि भाई धरमसिंग, जफरनामा घेऊन नगरला गेलेले ते दोघे, तेही पुढे नांदेडलाच वारले. त्यांची स्मृतिस्थळं इथेच आहेत. पंज प्याऱ्यांतला एक माणूस या भागातून पंजाबात गेला आणि तिथे पडला. दोन माणसं पंजाबातून इथे आली आणि इथल्या मातीत मिसळली.

फोनवर दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि वेळ लगेच दिसतात. १४०० किलोमीटर, अडीच तास. आकडा बरोबरच असतो. पण ज्या वर्षी न्याय मागणाऱ्याला राजाच्या मागे बावीस महिने फिरावं लागलं आणि तरी तो मिळाला नाही, त्या वर्षाचं अंतर त्यात दिसत नाही. विष्णुपुरीच्या कॉलेजच्या पाटीवरचं नाव त्या अंतराचं आहे.